थेंब न पडणारा कापूस

ती घटना मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. नोकरीतल्या इतर गोष्टी सांगताना ही एक नेमकी गाळून पुढे जायचो. मुदतीआधी निवृत्ती घेऊन अमरावतीत राजापेठेत राहायला आलो, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आज सगळं लिहितो.

तेव्हा मी तेल्हाऱ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणात एक बाई फिर्याद घेऊन आल्या. फुलांचा आणि भाजीचा मळा करणाऱ्या. हातात स्टीलचा डबा. टेबलावर ठेवून झाकण काढलं, तर पाण्यावर काळपट तवंग आणि गॅरेजमध्ये येतो तसा वास.

"साहेब, हे माह्या विहिरीचं पानी हाये. झेंडूले देलं तं झेंडू पिवळा पडला. आता कोनाचं नाव सांगू?"

"सांगा ना."

"माह्या चुलत दिराचं."

दिराचं मळ्याला लागूनच पंपाच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळक्या ऑइलचे डबे दाराशीच. विहीर दोघांच्या सामाईक हक्काची, आणि पाण्याच्या पाळीवरून उन्हाळ्यात दोघांची कडाक्याची भांडणं झालेली. गावानं निकाल आधीच दिला होता. आम्ही गुन्हा नोंदवला, पंचासमक्ष पाण्याचे नमुने घेऊन सील केले आणि दिराला ठाण्यात आणलं.

माणूस पन्नाशीचा, अबोल. "मी काहून टाकीन साहेब? मी बी तेच पानी पेतो," एवढंच तो धरून बसला. मी त्याला मारलं नाही. पण बसवून ठेवलं, पुन्हा पुन्हा तेच विचारलं, त्याच्या बायकोला दाराबाहेर उभं ठेवलं. प्रश्न असा विचारत गेलो की उत्तर त्यातच होतं. डबा रात्री ओतला का, भांडणाचा राग होता का. शेवटी तो म्हणाला, "लिहा जी. मीच टाकलं. मले घरी जाऊ द्या."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण गावात चालतो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. फिर्यादी वहिनीनं त्याच्या पंपाचा पाइप विहिरीतून उपसून बांधावर फेकला. दुकानात मोटारी येणं थांबलं.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. पंचनाम्याच्या वेळी विहिरीतून बादली काढली, तेव्हा तवंगात काळे बारीक धागे तरंगत होते. चिमटीत धरले तर कापसाची रुई. तेलानं माखलेली, मध्ये सरकीच्या टरफलाचे तुकडे. मी ती एका बाटलीत घालून ठेवली होती. रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार असते, वार्निश असतं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधली रुई तिथं कशाला येईल?

मग एक ट्रॅक्टरवाला ठाण्यात आला, स्वतःच्या गाडीचे कागद सोडवायला. माझ्या टेबलावरची बाटली पाहून हसला.

"साहेब, हा तं आमचा माल हाये."

"म्हणजे?"

"जिनिंगमदला झाडलेला कचरा. आमी ट्रॉल्या भरभरून वरच्या कारखान्यात टाकतो ना. तिथं त्याले तेल पाजतात."

वरचा कारखाना म्हणजे जुनं इंजिन ऑइल शुद्ध करणारा. मळ्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठावर. सांडलेलं, उरलेलं घाण तेल शोषून घेऊन पुरायला त्यांच्या आवारात प्लास्टिकचं जाड अस्तर घातलेला एक मंजूर खड्डा होता. आम्ही रीतसर गेलो. तिथला सुपरवायझर अकोल्याचा, जिनिंगवाल्याच्या घरात वाढलेला. त्यानं आमच्यापासून काहीच लपवलं नाही, उलट अभिमानानं दाखवलं. टाकीतल्या तेलावर त्यानं मूठभर कचरा टाकला. बघता बघता कापसानं तेल ओढून घेतलं. पाणी ओतलं, तर पाणी बाजूला सरकलं.

"पाहा साहेब. कच्चा कापूस पान्याले शिवत नाई, तेल सोडत नाई. कारखान्याले बाहेरून मातीसारखी पावडर मागवा म्हनतात. वऱ्हाडात राहून कापूस सोडून पावडर काहून आनायची?"

मी विचारलं, "आणि हा पुरायला चालतो?"

"चाचनी करतो ना आमी!" त्यानं जाळीची गाळणी लावली, त्यात माखलेला कापूस ठेवला. आम्ही सगळे वाकून खाली बघत राहिलो. थेंब पडला नाही. "झालं. पास."

मी नमुना घेतला आणि अमरावतीला एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडमनी तीच चाचणी केली. थेंब नाहीच. वजनाखाली दाबून पाहिलं, तरी फारसं काही नाही. माझा चेहरा पडला असावा.

"नाराज नका होऊ," त्या म्हणाल्या. "ही चाचणी आजची आहे. कचरा मात्र जमिनीत कायमचा राहणार. म्हणून नियमात दुसरी अट असते. शोषणारी वस्तू कुजणारी नको. भुसा नको, तूस नको, कापूस नको. कुजला की तो धरलेलं सोडतो."

"कापूस कुजायला किती वेळ लागतो?"

"ओल, ऊब आणि वजन द्या आणि बघा."

त्यांनी त्यांच्याकडे रीतसर प्रयोग लावला. तो कोर्टासाठी. मला स्वतःला बघायचं होतं. ठाण्याच्या मागे निंबाखाली दोन माठ आणले, दोन्हींना बुडाशी भोक, खाली परात. एकात तेल प्यालेला कापूस, दुसऱ्यात तेल प्यालेली ती पावडर. वर ओली माती, त्यावर दगड. आमचे जमादार सकाळच्या हजेरीनंतर रोज येऊन बघत.

"साहेब, लोनचं घालून राहिले का?"

"मुरलं की पहिली फोड तुम्हालाच."

"नाई जी, मले ॲसिडिटी हाये."

हसणं चालू होतं, पण हळूहळू सगळं ठाणंच त्या परातींत बघायला लागलं. बंदोबस्ताहून परतलेली पोरं आधी टोपी काढत आणि मग मागे जात. बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी जमादार धावत आले. कापसाच्या माठावरचा दगड कलला होता, माती खचली होती, आणि परातीत काळं तेल उतरलं होतं. पावडरीची परात कोरडी. प्रयोगशाळेचा निष्कर्षही तोच आला.

खड्डा उकरला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आतला कापूस कुजून बसला, वरची माती खचली, त्या ओढीनं कोपऱ्यातलं अस्तर फाटलं. तेल मुरुमातून नाल्यात आणि नाल्यातून विहिरीत.

सुपरवायझरला बोलावलं. तो खरोखर चक्रावला होता.

"साहेब, कापूस सडते? आमच्या घरची गादी आज्याच्या वेळची हाये. उन्हात टाकतो, पिंजतो, अजून चालते."

"गादी कोरडी असते. तुम्ही ती ओल्या मातीत पुरली."

त्यानं परातीतलं तेल बोटाला लावून पाहिलं. मग म्हणाला, "गाळनीतून थेंब नाई पडला, तं मले वाटलं झालं." त्यानं लबाडी केली नव्हती. अर्धा नियम पाळला होता. गुन्ह्यातून दिराचं नाव काढलं, कारखान्यावरची कारवाई संबंधित खात्याकडे गेली, विहीर उपसायचा हुकूम झाला.

या प्रकरणानं मला चौकशीबद्दल जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. वस्तू दाबली की तिच्यात मुरलेलं बाहेर येतं. माणूस दाबला की आपण ओतलेलंच बाहेर येतं, आणि आपण ते लिहून घेतो.

त्यांच्या घरी एक रीत होती. दसऱ्याला दिराच्या दुकानातल्या यंत्रांना वहिनीच्या मळ्यातल्या झेंडूचा हार. त्या वर्षी मळ्यात फूल नव्हतं. त्या बाईंनी बाजारातून झेंडू विकत घेतला, स्वतः हार ओवला आणि दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मीही तिथंच होतो, त्याला प्रकरण मिटल्याचं सांगायला गेलो होतो.

"भाऊजी, घ्या," त्या म्हणाल्या. "विकतचा हाये. पाइप उद्या लावून घ्या विहिरीले."

त्यानं हार घेतला, रिवाइंडिंगच्या यंत्राला घातला, नीट केला. "चहा टाकायले सांगतो वहिनी, बसा," म्हणाला. त्या आत गेल्या. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, एक इचारू? त्या दिवशी मी हो म्हनलं, तवा तुमाले खरं वाटलं होतं?"

मी टोपी सारखी केली. बंदोबस्त आहे म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. तो हात जोडून उभा होता.

नाही वाटलं. रुईची बाटली तेव्हाही माझ्या टेबलावर होती. मला खरं वाटलं नव्हतं, तरी मी लिहून घेतलं.