थांबायला शिकवणारे शिवप्पामामा

लक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी भवानी पेठेतल्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. रोजच्यासारखी ती सकाळचा चहा घेऊन मामांकडे गेली होती. "पद्माक्का, मामा उठंनात," एवढंच म्हणाली. डॉक्टरांना बोलावलंस का, असं मी विचारलं, तर पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं… मग विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्याला आता दीड महिना होईल. झोपेतच गेले. उभ्या आयुष्यात कुणाला धक्का दिला नाही या माणसानं, असं शेजारचे म्हणत होते. ते तितकंसं खरं नाही. आम्हाला त्यांनी एकदा चांगलाच धक्का दिला होता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या टॉवेल कारखान्यात मी चेकिंगला होते, तिथे शिवप्पामामा गेटवर वॉचमन होते. पांढरी दाढी, खाकी शर्ट, हातात खांद्याएवढी वेळूची काठी. दुपारी बारापर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत, बारानंतर मात्र थांबायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत शेंगाचटणी कुणाची चांगली, यावर बायकांशी वाद घालायचे. केबिनमध्ये पाल दिसली की बाहेर येऊन उभे राहायचे आणि मला हाक मारायचे, "अक्का, जरा तिला समजावून सांगा की." मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मला ते अक्काच म्हणायचे. असा हा पालीला भिणारा म्हातारा. तो कोण आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

लक्ष्मी आमच्याच खात्यात घड्या घालायची. एकदा दुपारची पाळी सुटताना तिचा नवरा दारू पिऊन, कोयता घेऊन गेटवर आला. बायका किंचाळत मागे सरल्या. मामा कधी मध्ये आले ते मला दिसलंच नाही. कोयता खडीवर पडल्याचा आवाज आला, आणि पाहिलं तर काठीचं टोक त्या माणसाच्या गळ्यापाशी, बोटभर अंतरावर थांबलेलं. थरथरतही नव्हतं. मामांनी त्याला खाली बसवलं, कोयता पायाखाली धरला आणि पोलीस येईपर्यंत त्याला तांब्यानं पाणी पाजलं. आम्हाला केवढा अभिमान वाटला! मामा मात्र दोन दिवस बारानंतरही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अक्का, लई चुकलं माझं. सगळ्यांनी बघितलं." आणि मग हळूहळू सगळं सांगितलं… अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या शिवेवर एका माळावर सोटेगोसाव्यांचा मठ आहे. पंथाचा मूळ पुरुष म्हणे एक शिपाई होता. लढाईला विटून त्यानं तलवार ओढ्यात टाकली आणि काठी घेतली. त्याच्या मागून आलेले गोसावी गावात उतरत नाहीत. गावकरी दारात जोंधळे ठेवून जातात. त्यांचे नियम तीन. पहिला वार आपण करायचा नाही, डोक्यावर कधी मारायचं नाही, आणि ही विद्या मठाबाहेर दाखवायची नाही. मामा सोळाव्या वर्षी तिथे गेले. झाडाला पाण्यानं भरलेलं मडकं टांगायचं आणि पूर्ण ताकदीनं फिरवलेली काठी त्याला नुसती टेकवायची… पाणी हललं की पुन्हा पहिल्यापासून. "मारायला कुणीबी शिकतंय, अक्का. थांबायला शिकायला मला बारा वर्षं लागली."

मठात गेलेल्याला घर मेलेलं. मामांची आई वारली, ते त्यांना तीन महिन्यांनी कळलं. त्यामुळे सोलापुरात विधवा बहिणीला अर्धांगवायू झाल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलंच नाही. काठी घेऊन माळ उतरले. आठ वर्षं तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, तिची वेणीसुद्धा घातली. ती गेल्यावर मठात परत जायचा त्यांचा विचार होता.

तो लक्ष्मीमुळे राहिला. आम्हाला शिकवा, म्हणून मी किती वेळा विनवलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, "न्हाय अक्का. ते माझं न्हायच. मठाचं हाय." लक्ष्मीचा नवरा सुटून आल्यावर एक दिवस तीच त्यांच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "मामा, हितं गेटवर तुमी हाय. माझ्या घरी कोण हाय?" मामांनी हातातली काठी केबिनला टेकवली. मग म्हणाले, "आईतवारी ये. पदर खोचून ये."

रविवारी आम्ही अकराजणी होतो. काठ्या नव्हत्या, म्हणून झाडूचे दांडे. कारखान्याच्या मागच्या पटांगणात टाकीजवळ मठाच्या विद्येतल्या सोळा चालींपैकी पहिली चाल शिकायला आम्हाला तीन महिने लागले. लक्ष्मीच्या नवऱ्यानं पुढे एकदाच हात उचलला. तिनं दांडा छातीशी टेकवून त्याला दाराबाहेर नेलं आणि कडी लावली. तो परत आला नाही.

कुणीतरी मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत मठाखालच्या गावापर्यंत गेला. एका रविवारी म्हातारे महंत एकटेच एसटीनं आले. मामा त्यांच्या पायांवर पडले. बोलणं कानडीतून झालं, पण मला कळलं. सोटेगोसाव्यांत प्रत्येकाची समाधीची जागा जिवंतपणीच आखलेली असते. महंत म्हणाले, "तुझ्या जागेवर मी आज बाभूळ लावून आलोय." मामा म्हणाले, "व्हय, महाराज." बाकी काही नाही. महंतांनी जाताना लक्ष्मीला बोलावलं आणि माझ्यावर वार कर म्हणाले. तिनं मामांकडे पाहिलं, मामांनी मान हलवली. तिनं दांडा फिरवला… तो महंतांच्या दाढीपाशी थांबला. महंतांनी डोळे मिटले होते. ते उघडून महंत एसटीच्या वाटेला लागले.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. खंत वाटते का, मी विचारलं. "वाटतीया की. वाटू दे. लक्ष्मीला घरात झोप लागतीया, ते बी हाय."

मामा गेल्यावर आम्ही मठाकडे निरोप धाडला. कुणी आलं नाही. मग त्यांच्या रीतीप्रमाणे समाधीसाठी त्यांना बसतं करून आम्हीच उचललं. बायकांनी खांदा दिला म्हणून गल्लीत कुरकूर झाली. लक्ष्मी पुढे होती, तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी लक्ष्मीच्या दारात दोन वृद्ध गोसावी उभे राहिले. महंत मागच्या वर्षीच वारले होते. मठात आता हे दोघंच. दोघांच्या माना खाली होत्या. थोरले अडखळत म्हणाले, "शेवटची चाल आमाला पुरी आठवत न्हाय. शिवप्पानं तुमाला शिकवली काय?"

लक्ष्मीनं पदर खोचला. तिच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, तिनं ती चाल सावकाश करून दाखवली. थोरले गोसावी तिच्या मागून काठी फिरवू लागले. मध्येच चुकले. "डावा पाय आधी, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांनी डावा पाय आधी टाकला. चार वेळा केली तिनं. जाताना त्यांनी वाकून अंगणातली माती कपाळाला लावली. मठातली बाभूळ तोडली का, हे मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात शुक्रवार पेठेतली मामांची खोली रिकामी करायला गेले होते. दोन धोतरं, एक डबा, बहिणीचा कंगवा, कोपऱ्यात ती वेळूची काठी. लांबी-रुंदीला चार-चार पावलांची खोली, हात वर केला तर छताला लागेल एवढी बुटकी. याच खोलीत ते रोज पहाटे सोळाही चाली करायचे. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "एवढी वर्षं राहिले, पर भिंतीला एक ओरखडा न्हाय बघा. मला वाटायचं, म्हातारा नुसता झोपून असतोय."

मी मधोमध उभी राहिले आणि काठी फिरवली. पहिलीच चाल, अगदी सावकाश… टोक भिंतीला खरकन लागलं. चुन्याचा पोपडा खाली पडला.

"असू दे हो," मालकीणबाई म्हणाल्या, "आता रंग द्यायचाच हाय."

मी पदर खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.