गाडी स्टँडवर लावा

औरंगाबादच्या होस्टेलवर फोन आला तेव्हा मी जेवत होते. वडील म्हणाले, "मन्मथमामा गाडीखाली गेले." मला वाटलं, रस्त्यावर अपघात झाला. "नाही. गॅरेजमध्येच. जीप खाली बसली त्यांच्या अंगावर." मी मामांच्या गावी, सिरसाळ्याला पोचले तोवर माती झाली होती.

मन्मथमामा आईचे धाकटे भाऊ. घराणं किराणा-भुसाराचं, त्यात हे एकटेच मिस्त्री निघाले. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "मन्मथ, हात धुतलेस का बे?" मामा काळी नखं पुढं करून म्हणायचे, "ह्येच्यानं चव येती." मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला ते 'मॅडम' म्हणत. चारचौघांत मला बोलायला जमत नाही. सुट्टीत त्यांच्या गॅरेजमध्ये खोक्यावर बसून मी नुसती बघत राहायचे. गप्प का, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

यंदाच्या दिवाळीत गावातल्या एका बागायतदारांची जीप त्यांच्याकडं आली. हल्ली बाहेरचा माल मिळायला लागलाय, त्यामुळं हौसेला तोटा नाही. पाठीचं दुखणं म्हणून या गृहस्थांनी पुण्यात जीपचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे काढून त्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे बसवून घेतले होते. संध्याकाळी सरळ उभी केलेली जीप सकाळी मागून डावीकडं कललेली असायची. मामांनी टायर आणि मडगार्डमधलं अंतर वितीनं मोजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, तर तीन बोटं कमी. मग दाढीच्या साबणाचा फेस करून जुन्या ब्रशानं नळीच्या एकेका जोडावर लावत ते बसले. समोरच्या टपरीवर रेडिओ चालू होता. "बंद कर बे ते, हवा ऐकू दे!" एका जोडावर मोहरीएवढे बुडबुडे आले. नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं, ते त्यांनी सरळ कापून पुन्हा बसवलं. तरी सकाळी जीप दोन बोटं खाली. "तेल गळलं तर डाग पडतो, मॅडम. ही हवा लई बेइमान. खूण ठिवत न्हाई." त्यांचा अंदाज होता की फुग्याच्या घडीत चीर असणार, आणि गाडी पूर्ण उचलली, घडी उलगडली, तरच ती दिसणार.

फुग्यांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मामांनी ती माझ्या हातात दिली. बागायतदार होते, टपरीवरचे चारपाच जण चहाचे कप घेऊन जमले होते. मी नळ्यांची पानं वाचून सांगितली. मग लाल चौकट आली. पहिलं वाक्य मी मराठीत सांगितलं, "गाडी आधी स्टँडवर लावा."

"स्टँडवर?" मामा म्हणाले. "आन् यष्टी कुटं लावावी मग?"

सगळे हसले. बागायतदार म्हणाले, "इंग्रजी शाळंत ह्येच शिकवतेत का माय?" माझे कान तापले. स्टँड म्हणजे बसस्टँड नव्हे, एवढं मला कळत होतं, पण त्या वस्तूला गॅरेजमध्ये काय म्हणतात ते माहीत नव्हतं. चौकटीत अजून एक वाक्य होतं. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. ते मी मनातल्या मनात वाचलं. मामांनी विचारलं, "आनखी काय म्हनतंय?" मी म्हणाले, "काही नाही. कंपन्या लिहितातच असं." चार दिवसांनी मी होस्टेलवर परतले.

पुढचं शेजारच्या वेल्डरनं, सत्तारभाईंनी सांगितलं. मामांनी फुग्यांत हवा भरून जीप पूर्ण उचलली, फेसाची वाटी घेतली आणि उताणे आत सरकले. चाकं जमिनीवरच होती. पाट्यांवरची गाडी चाकं जमिनीवर असताना खाली येत नाही, आणि त्यांचं सगळं आयुष्य पाट्यांच्या गाड्यांखाली गेलेलं. डावी नळी जोडातून सुटली... "आवाज बी नीट झाला न्हाई," सत्तारभाई म्हणाले. "घोडी लावायला पायजे होती मन्मथनं. मीच वेल्डिंग करून दिल्त्या दोन."

मी विचारलं, "घोडी म्हणजे?"

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं लोखंडी तिवया उभ्या होत्या, उंची कमीजास्त करायला भोकं असलेल्या. पुस्तिकेत त्यांचंच चित्र होतं. मामांना नुसतं चित्र दाखवलं असतं, तरी त्यांनी ओळखलं असतं.

महिनाभरानं मी मामींना हे सगळं सांगितलं. त्या निवडत होत्या ती ज्वारी तशीच राहिली. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे, तुझी काय चूक. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ते तर हसायचेच गं सगळ्यावर. तू बोलायचं व्हतंस, माय."

गॅरेज आता बंद आहे. घोड्या मामींनी घरी आणल्यात. एक दाराआड आहे, दुसरीवर त्या पाण्याचा हंडा ठेवतात. मी गेले की त्यातलाच तांब्या भरून पुढं करतात, आणि माझं पिऊन होईपर्यंत समोरून हलत नाहीत.