कसनी ऱ्हायलेलं छप्पर

नवऱ्याचं नाव घ्यायची मला अजून लाज वाटती, पन आज घेते. जोतीराम. साताऱ्याकडचं मानूस, रबाळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमधी ट्रकच्या बॉड्या बांधनारं. मी राजाबाई, त्यांची बायको. त्याच शेडच्या कोपऱ्यात पायमशिनीवर मी ताडपत्र्या शिवते. तोंडानं मी फटकळ, ते कुनी मला सांगायला नको. आमचे हे मातूर इतके मुके, की दिवसभरात त्यांच्यापेक्षा त्यांचा पाना जास्त बोलतो.

खरंच बोलतो हो. नट कसून झाला की पान्याच्या पाठीनं त्यावर एक टोला हानायचा आनि कान द्यायचा. नट बसला असंल तर टनकन वाजतो. ढिला असंल तर बद्द. घरी सुदीक तीच खोड. गॅसचं बटन तीनदा बघत्याल, खिडकीची कडी हलवून बघत्याल. मी वैतागायची, "अवो, घर हाय ते, ट्रक न्हवं!" नुसते हसायचे आनि पुन्ना कडी हलवायचे.

ही भीती कुठनं आली ते मला म्हाईत हाय. त्यांचा धाकटा भाऊ कोंडिबा वाशीच्या मार्केटात माथाडी व्हता. एका ट्रकचा फाळका, म्हंजे मागची ती मोठी फळी, उघडताना बिजागरीसकट निखळली आनि त्याच्या छातीवर आली. बॉडी नवी व्हती, दुसऱ्या कुनीतरी बांधलेली. नवं लाकूड पयल्या खेपंत उन्हानं आनि धक्क्यानं आकसतं, आनि दाबून कसलेले नट सुदीक सुटत्यात. म्हनून शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की गाडी परत आनायची आनि समदे नट पुन्ना कसायचे. आमच्यात त्याला कसनी म्हनत्यात. त्या गाडीची कसनी झालीच नव्हती. कोंडिबा जागच्या जागी गेला, पंचविशीतलं पोरगं.

तवापास्नं ह्यांनी शेडमधी एक रीत पाडली. नवी बॉडी दिली तरी पाठीवर नाव रंगवायचं न्हाई. ड्रायव्हरला तर गाडीच्या पाठीवर आईचं नाव, पोरांची नावं, मोर, फुलं, समदं पायजे. नाव पायजे ना? मग पयली खेप मारून परत ये, आदी कसनी, मग रंग. त्यामुळं तोंडानं कुनाला काय सांगायची पाळीच यायची न्हाई. नावापायी समदे आपसूक परत यायचे.

मग शहान्नव सालात जाफरभाई आले. राहायला जुईनगरला, मूळचे श्रीवर्धनकडचे. कुवेतला दहा वर्सं काढून, तिकडची लढाई झाली तवा परत आलेले. तिकडं त्यांनी गोऱ्या लोकांच्या गाड्या बघितल्या व्हत्या. गाडीचं छप्पर वर उचलायचं, आत माळा असतो, त्या माळ्यावर पोरं झोपत्यात. एक जुनी मॅटाडोर घेऊन आले आनि म्हनाले, "जोतीरामभाऊ, मला अशी गाडी बनवून द्या. ईद झाली की पोरांना घेऊन गावी जाऊ, समुद्रावर गाडी लावू."

ह्यांनी चार दिवस नुसता विचार केला. छप्पर कापायचं म्हनल्यावर त्यांचा हातच धजंना. त्यात जाफरभाईंचा हट्ट, छप्पर फुडनं उघडायला पायजे, म्हंजे पोरांना झोपल्या झोपल्या समुद्र दिसंल. हे म्हनाले, "भाऊ, तोंड वाऱ्याकडं येतंय. पळत्या गाडीत वारं घुसलं तर छप्पर जाईल, आनि पोरं वर असली तर..." शेवटी छप्पर मिटल्यावर अडकवायला, फाळक्याला लावतात तसले दोन जाड आकडे फुडं लावले, उघडलेलं छप्पर तोलून धरायला दोन लोखंडी टेकू दिले, आनि ह्या समद्याच्या खाली, ट्रकला घालतात तशी, नव्या लाकडाची पट्टी घातली. हाताला तीच सवय. उघडल्यावर बाजूनं वारं येऊ नये म्हनून जाड कापड मी शिवलं. गाडी अशी देखनी झाली म्हनता! पाठीवर मातूर नाव नव्हतं. फॅमिलीच्या गाडीला कोन नाव रंगवतंय?

ईदीच्या दुसऱ्या दिशी, गुरुवारी, मी जुईनगरला गेले. गाडीचे पडदे द्यायचे ऱ्हायले व्हते. मेहरुनभाभी, जाफरभाईंची बायको, लई मायेची बाई. हाताला धरून बसवलं, वाटीभर शीरखुर्मा दिला, वर म्हनल्या, "राजाबाई, तुमच्या हाताला काय शिवण आहे हो!" मी फुगले. दुसरी वाटी खाल्ली. येताना त्यांनी स्टीलचा डबा भरून दिला. त्यांची पोरं, नऊ वर्सांची सहर आनि सहा वर्सांचा मुआज, गाडीच्या माळ्यावर चढून नुसती उड्या मारत व्हती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला गंगाराम ड्रायव्हर नवी गाडी घेऊन आला. नाशिकची खेप मारून आलेला, कसनीला. ह्यांनी पयल्याच नटावर टोला हानला. बद्द. दुसरा. बद्द. हे तसेच पाना धरून हुभे ऱ्हायले आनि माझ्याकडं वळले.

"जाफरभाई आले न्हाईत?"

"कशाला येतील?" मी म्हनलं. "आज गावाला निघनार हायेत ती."

"कसनी न करता?"

"अवो, त्यांना काय ठावं कसनी! ते काय ड्रायव्हर हायेत? तुमी सांगितलंत का त्यांना? तुमच्या तोंडाला तर बारा म्हैने कुलूप!"

ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पाने पिशवीत टाकले, स्कूटर काढली. मी मशीन तसंच टाकून मागं बसले.

जुईनगरला घराला कुलूप. शेजारीन म्हनाली, मघाशीच गेले, साडेदहाला. ह्यांनी ते कुलूप हलवून बघितलं. मग तेच म्हनाले, "आज शुक्रवार. जाफरभाई जुम्म्याची नमाज चुकवायचे न्हाईत. एकच्या आसपास वाटंत कुठंतरी मशिदीपाशी थांबतील." त्या दिवशी एवढं लांबलचक वाक्य ते तेवढंच बोलले.

पनवेल सुटलं आनि माझं तोंड सुरू झालं. भीतीनं हो, दुसरं काय न्हाई. माझी जीभ भ्याली की जास्तच चालती. "एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? परक्याची लेकरं हायेत ती! कोंडिबाचं बघून सुदीक तुमाला अक्कल आली न्हाई?" असलं नाय नाय ते बोलले मी. समोरनं येनारी प्रत्येक गाडी बघून वाटायचं, आता हा ड्रायव्हर हात करून सांगनार, फुडं एका गाडीचं छप्पर उडालंय. रस्त्याच्या कडंला पत्रा पडलेला दिसला तरी मी मान वळवून बघायची, त्या गाडीचाच तर न्हाई. हे मान खाली घालून गाडी पळवत व्हते.

पेनच्या मशिदीपाशी बघितलं. न्हाईत. ह्यांनी चष्मा पुसायला फडकं मागितलं म्हनून मी डिकी उघडली. आत मेहरुनभाभींचा डबा. धुवून ठेवलेला, परत द्यायचा म्हनून.

त्या डब्याकडं बघितलं आनि मला समदं आठवलं.

गुरुवारी सकाळी मी पडदे घेऊन निघाले, तवा हे शेडच्या दारापर्यंत आले व्हते. म्हनाले व्हते, "भाभींना सांग, जायच्या आदी गाडी पेनपर्यंत फिरवून आना म्हनावं. मग मी कसतो. तवर पोरं माळ्यावर चढवू नका. इसरू नगं." मी म्हनलं व्हतं, "सांगते की, किती वेळा सांगशीला!" आनि मग तो शीरखुर्मा, ती शिवनीची तारीफ. मी इसरले. साफ इसरले.

ह्यांना हे अकरा वाजल्यापास्नं म्हाईत व्हतं. माझ्या शिव्या खात इथवर आले, पन तोंडातनं एक शब्द काढला नव्हता.

मी डिकी लावली. फडकं दिलं. मागं बसले. देवाला सुदीक हाक मारायची लाज वाटली.

वडखळला न्हाईत. चहावाला म्हनाला, डोक्यावर पेटी असलेली गाडी फुडं गेली. दीड वाजायला नागोठण्यात शिरलो तर मशिदीसमोर चिंचेखाली गाडी हुभी. छप्पर वर उचललेलं. मेहरुनभाभी खाली चटईवर जेवन वाढत व्हत्या. आनि छपराच्या उघड्या तोंडातनं दोन डोकी बाहेर आलेली, सहर आनि मुआज. आमाला बघून पोरगी हात हालवायला लागली.

मी वरडनार, तर ह्यांनी माझं मनगट दाबलं. "वरडू नगंस. दचकतील, हलतील."

उजव्या टेकूचा नट पडून गेला व्हता. बोल्ट अर्धा बाहेर आलेला मला खालनं दिसला. समदं छप्पर एका टेकूवर, आनि पोरं आत हसत व्हती.

हे सावकाश चालत गेले, गाडीच्या फुडच्या बंपरवर चढले, उजवा हात छपराखाली घातला. मला म्हनाले, "दारातनं पोरं ओढ." मी आत घुसले, सहरचा फ्रॉक धरून खाली खेचली. ती घाबरून रडाय लागली. मुआजला वाटलं खेळ चाललाय. तो खिदळत आनखी फुडं सरकला, मान बाहेर काढली. आनि दुसरा टेकू सुटला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. छप्पर खाली आलं ते ह्यांच्या हातावर. हे वरडले न्हाईत, नुसता घशातनं एक आवाज आला. पोराची मान आनि छपराची कड, मधी ह्यांच्या हाताएवढीच जागा ऱ्हायली व्हती. मी मुआजचा पाय धरला आनि असा ओढला, असा ओढला, की पोरगं माझ्या अंगावर येऊन पडलं. त्याची मान मी दोन्ही हातांनी चाचपली. धड व्हती. मी हंबरडा फोडला.

नमाज सुटली, जाफरभाई धावत आले. चौघांनी मिळून छप्पर उचललं. ह्यांच्या हाताकडं मला बघवंना. डॉक्टरच्या बाकड्यावर जाफरभाई शेजारी बसले, सोताचा रुमाल ह्यांच्या हाताला धरून. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात इचारलं, "जोतीरामभाऊ, नट सुटतात हे तुमाला माहीत होतं. मग एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

समोर मेहरुनभाभी मुआजला उराशी आवळून बसल्या व्हत्या. मला वाटलं, आता हे सांगनार.

"ऱ्हायलं माझ्याकडनं," हे म्हनाले. "इसरलो."

मी तोंड उघडलं न्हाई. ही फटकळ राजाबाई, जिच्या जिभेला हाड न्हाई म्हनत्यात, ती त्या दिवशी गप बसली. त्या आईचे डोळे माझ्याकडं वळतील ह्या भीतीनं गप बसले मी.

घरी आल्यावर मी रडत इचारलं, "का न्हाई सांगितलंत?" तर म्हनाले, "पोरगं वाचलं न्हवं? मग झालं तर." आनि डाव्या हातानं खिडकीची कडी हलवून बघितली.

त्याला तीन वर्सं झाली. ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत न्हाईत. पाना आता डाव्या हातात, टोला नीट बसत न्हाई, नट बोलला तरी ह्यांना पयल्यासारखं उमगत न्हाई. जाफरभाईंनी कुठं वाईट बोललं न्हाई, पन गोष्ट पसरायची ती पसरलीच. मेहरुनभाभी मार्केटात दिसल्या तर मान वळवून जातात. त्यांचा डबा माझ्या फळीवर तसाच. रोज पुसते आनि रोज भिते.

परवा एक नवा गिऱ्हाईक आला. बॉडी बघितली, भाव इचारला, आनि मग हसत म्हनाला, "ते कसनी सांगायला विसरलेले मिस्तरी तुमीच का?"

"होय," हे म्हनाले. "मीच."

मी मशिनीवर बसले व्हते. सुई तशीच कापडात रुतलेली ठेवली, फळीवरचा डबा घेतला, चपला घातल्या. ह्यांनी इचारलं, "कुठं?" मी म्हनलं, "जुईनगरला." त्यांनी डब्याकडं बघितलं आनि पयल्यांदाच माझी वाट आडवली. "ऱ्हाऊ दे गं, राजा." मी त्यांचा तो वाकडा हात बाजूला केला आनि निघाले.

दार मेहरुनभाभींनीच उघडलं. मागं मुआज, केवढा झालाय, अभ्यास करत बसला व्हता. डबा त्यांच्या हातात दिला आनि म्हनलं, "भाभी, त्यांनी निरोप दिला व्हता. गाडी फिरवून आना, मग कसतो, तवर पोरं वर चढवू नका. माझ्याजवळ दिला व्हता. मी इथं बसून तुमचा शीरखुर्मा खाल्ला आनि इसरले. त्यांचा काय गुन्हा न्हाई."

भाभी डबा धरून हुभ्याच ऱ्हायल्या. माझ्याकडं बघितलं. ते बघनं तीन वर्सं टाळलं व्हतं मी. मग त्यांनी आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

जाफरभाई आले. मी दाराची चौकट धरली आनि पुन्ना पयल्यापास्नं सांगितलं.