घरात माणसं किती?

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. ट्रेसिंग पेपरचे उरलेले तुकडे कपाटावर टाकत जावं तसे ते साठत जातात, आणि एक दिवस कपाट हलवायला गेलं की सगळे अंगावर येतात. परवा गजा पाटलाचा फोन आला. म्हणाला, "अरे, साहेबांची ती गॅलरी आठवते का?" झालं. पुढचा तासभर आम्ही दोघं म्हातारे त्या पनवेलच्या माडीवर होतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका किराणा दुकानाच्या माडीवर नेने साहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. माणसं तीन. साहेब, मी आणि कामोठ्याचा गजा. आम्ही दोघं ड्राफ्ट्समन. खाली मिरची कुटायला घेतली की वर तिघंही शिंकत शिंकत रेघा मारायचो. मारलेली रेघ वाकडी आली तर साहेब म्हणायचे, "असू दे, मिरचीची आहे, खोडून काढ."

साहेबांचा एक नियम होता. घरात राहणाऱ्या बाईशी बोलल्याशिवाय कागदावर रेघ मारायची नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर असायचा, ऑफिसात यायचा तोच, मिशीला पीळ देऊन बोलायचाही तोच. साहेब त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता घरच्या मंडळींना घेऊन या. तुम्ही घरात झोपायला येता. राहतात त्या." मग एक लांबट वही निघायची. तिच्यातले प्रश्न ठरलेले. पहिला प्रश्न, घरात माणसं किती?

अशा या साहेबांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, स्वतःचं घर नव्हतं. दोन भाड्याच्या खोल्या, आणि स्वयंपाकघर असं अंधारं की भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडायचे. वडाळे तळ्याजवळ साहेबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर गवत वाढत होतं. वहिनींना आयुष्यात दुसरं काही नको होतं. सगळ्या पनवेलला घरं काढून देणारा माणूस आपल्या बायकोला घर कधी देणार, हे मी आणि गजा रोज मनात म्हणायचो. तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती.

*

माझा पहिला दिवस. मुंबईहून डिप्लोमा घेऊन आलो होतो, त्यामुळे डोकं जरा वरच होतं. साहेब म्हणाले, "तुमच्या घरचं स्वयंपाकघर काढून दाखवा. आठवून."

मी तासाभरात झकास प्लॅन काढला. चूल, मोरी, फडताळ, पाण्याची घागर, सगळं मापात. अक्षरसुद्धा छापल्यासारखं.

साहेबांनी बघितला. "छान. आई जेवायला कुठे बसते?"

"ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते."

"कधी ते नाही विचारलं. कुठे बसते?"

बावीस वर्षं त्या घरात जेवलो होतो आणि मला खरंच माहीत नव्हतं.

साहेब शांतपणे म्हणाले, "दोन दिवस घरी जाऊन बघून या. मग नोकरीला लागा." मी गेलो. आई मोरीच्या कडेला, दाराच्या आड, ताट मांडीवर घेऊन जेवत होती. त्या दिवशी मी आर्किटेक्चर शिकलो असं मी अजूनही मानतो. कॉलेजला राग आला तर येऊ दे.

*

आता ती गॅलरी. भाताची गिरणी असलेले एक शेठ आले. मुंबईला मरीन ड्राइव्हवर गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती बघून आले होते आणि त्यांना तशीच गॅलरी पनवेलात हवी होती. रस्त्याच्या बाजूला, चांगली पुढे आलेली.

साहेबांनी विचारलं, "गॅलरीत बसणार कोण?"

"बसायला कोणाला वेळ आहे? दिवसभर मी गिरणीत."

"मग घरातल्या बायका?"

"छे छे, त्या रस्त्यासमोर कशाला येतील?"

"कपडे वाळत घालणार?"

शेठ दुखावले. "साहेब, गॅलरी वापरायला नाही. दिसायला पाहिजे. बघितल्यावर मला बरं वाटलं पाहिजे."

साहेबांनी खूप विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "असं करू. गॅलरी समोरच्या घराला लावू. तुम्हाला तुमच्या खिडकीतून रोज दिसेल."

शेठ उठून गेले. आठ दिवसांनी बायकोला घेऊन परत आले. त्यांच्या घराला गॅलरी झाली, पण मागे, विहिरीच्या बाजूला. शेठाणी संध्याकाळी तिथे पाय सोडून बसायच्या. पुढे पुढे शेठही बसायला लागले.

*

साहेबांची आणखी एक पद्धत होती. नकाशा पास होण्याआधी ते प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने तो पूर्ण आकाराचा काढायचे. मग घरच्या माणसांना त्यातून फिरायला लावायचे. "इथून आत या. ही तुमची ओटी. आता हातात हंडा आहे असं समजा आणि स्वयंपाकघरात जा." लोक हसायचे, पण फिरायचे. सासूबाई फक्कीची भिंत ओलांडून सरळ गेल्या की सुना ओरडायच्या, अहो, भिंत आहे तिथे!

गजाच्या कामोठ्याच्या घराचा नकाशा साहेबांनी हौसेने केला होता. गजा घरचा माणूस. पुढे ऐसपैस बैठकीची खोली काढली होती. गजाची आई शेतावरून तशीच आली, डोक्यावर चुंबळ. सगळ्या घरातून फिरली आणि बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली.

"हितं काय हाय?"

"बैठक, मावशी. पाहुण्यांसाठी."

"पाव्हणा वर्साला दोनदा येतो. माझा भात दर वर्साला हितं सुकतो. तो कुटं बसवू?"

म्हातारीने प्लॉटच्या कडेला पडलेला खराटा उचलला आणि बैठकीच्या तिन्ही भिंती झाडून टाकल्या. "तुमी कागदावर घर बांदता, साहेब. झाडायला मी हाय."

गजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी मात्र चुन्याची पाटी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मावशी, आता तुम्हीच काढा." तिने काढलेलं खळं जराही बदललं नाही. पुढे त्या जमिनी नव्या शहरात गेल्या; आता कामोठ्यात त्या जागी कसली इमारत आहे कोण जाणे. गजाही सांगू शकत नाही. मला मात्र तो पांढरा चुना आणि त्या बाईचे चिखलाचे पाय अजून लख्ख दिसतात. तसं काम पुन्हा कुठेही करायला मिळालं नाही. मोठ्या ऑफिसांतून केलं, एसीत बसून केलं, पण तसं नाही.

*

साहेब आपल्या घराचा नकाशा दर दिवाळीच्या सुट्टीत काढायचे. एकात वारा नीट खेळत नव्हता. एकात जिना आवडला नाही. एकात सगळं जमलं होतं, पण बैठकीतून कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसत नव्हता, आणि साहेबांना तो दिसायलाच हवा होता. असे नऊ नकाशे झाले.

संक्रांतीला वहिनी ऑफिसात तिळगूळ घेऊन यायच्या. आमच्या हातावर ठेवत हळूच विचारायच्या, "यंदाचा कितवा?" मी म्हणायचो, "सातवा, वहिनी." पुढच्या वर्षी आठवा, मग नववा. त्या हसायच्या. ते हसणं बघवायचं नाही.

एकदा गजाने धीर केला. "साहेब, वहिनींना इचारलं का? वहीतले प्रश्न?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तिला काय विचारायचं? तिला मी ओळखतो की."

गजाने परत रेघ ओढायला घेतली. मीही. त्या वाक्यात काय चुकलंय हे आम्हाला कळत होतं आणि साहेबांना कळत नव्हतं. एवढा शहाणा माणूस.

*

त्यानंतर महिन्याभराने, दुपारी तीनच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. वहिनी होत्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. आमच्याकडे बघितलं नाही. सरळ जाऊन साहेबांच्या समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"काय गं, काय झालं?" साहेब म्हणाले.

"नमस्कार. आम्हाला घर बांधायचंय. लोक म्हणतात, तुम्ही आधी बाईला विचारता."

मी मान बोर्डात घातली. गजाने रेघा मारायची टी-स्क्वेअर पट्टी घट्ट धरून ठेवली होती.

साहेबांनी खण उघडला, वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.

"घरात माणसं किती?"

"दोन. दिवसा एक."

साहेबांनी लिहिलं.

"सकाळी आधी कोण उठतं?"

"मी. अंधारात उठते. तसं दिवसाही अंधारच असतो, त्यामुळे फरक पडत नाही."

"पाहुणे येतात?"

"आमचे हे येतात संध्याकाळी. जेवतात, पेपर वाचतात."

ते पान आज माझ्याकडे आहे. घर झालं ते त्याच पानावरून. वहिनी त्यात चार वर्षं राहिल्या. चारच. पण मी त्या दुपारचं सांगतोय.

"बैठकीतून कर्नाळा दिसायला हवा का?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न वहीत नव्हता.

"आमच्या ह्यांना हवा असेल तर ठेवा. मला स्वयंपाकघरातून रस्ता दिसायला हवा."

"रस्ता कशाला?"

"ह्यांची यायची वेळ नक्की नसते. आमटी दोनदा, तीनदा गरम करावी लागते. मग ती आटते, खारट होते. हे काही बोलत नाहीत, तशीच जेवतात. रस्ता दिसला तर येताना दिसतील. एकदाच गरम करेन."

साहेबांनी हे लिहिलं नाही. पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चारसुद्धा वाजले नव्हते. मग उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि म्हणाले,

"बाई, तुम्ही पुढे व्हा. आमटी गरम करायला ठेवा."