मुकुंदकाकांवरचा माझा संशय

मुकुंदकाकांवर माझा पहिल्या उन्हाळ्यापासून संशय होता.

मंगळवारी सकाळी काका गेले. हार्ट अटॅक. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलंय, साधा सरळ माणूस होता.

साधे होते. सरळ अजिबात नव्हते.

जे रिचमंडमध्ये राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे इथे अमेरिकेत उन्हाळ्यात दर शुक्रवारी नदीकाठच्या पार्कात फ्री कॉन्सर्ट असतो. लोक दुपारपासून ब्लँकेट पसरून जागा धरतात.

काका रुमाल टाकायचे.

एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात तसा, गवतावर रुमाल. उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली. कुणीतरी व्हॉलंटिअर तो उचलून लॉस्ट अँड फाउंडमध्ये नेऊन ठेवायचा. काका शांतपणे तिथून आणून परत त्याच जागी टाकायचे.

मागच्या वर्षी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटीच असते. तिला जरा बाहेर काढावं म्हणून मी पार्कात नेलं. मंडळातले ओळखीचे म्हणून काकांशी ओळख करून दिली. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा समीर याच गावात पण वेगळा राहणारा.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर गवतावर तीन रुमाल.

दोन शेजारी शेजारी. तिसरा जरा लांब.

तिसरा माझा होता.

तेव्हापासून मी पाळत ठेवायला लागले. बँड कुठलाही असो, हे दोघं बोलतच असायचे. मी कान देऊन ऐकलं. विषय काय, तर नागपूरची वांगी बरी की आमच्याकडची कृष्णाकाठची. पूर्ण कॉन्सर्टभर वांगी.

संशय घ्यावा असं काहीच सापडेना, म्हणून संशय वाढला.

गुडघे दुखतात म्हणून जी बाई कॉस्टकोत सामान आणायला येत नाही, ती डाउनटाउनच्या आर्ट वॉकला चार गॅलऱ्या फिरली. एका मोठ्या लाल चौकोनासमोर दोघं कितीतरी वेळ उभे.

"आई, काय छान होतं त्यात?"

"लाल होतं."

ताकास तूर लागू देईना.

काका आधी तिला "शैलाताई" म्हणायचे. उन्हाळा संपेपर्यंत त्यातली ताई गळून पडली. शैलाही गेली. नुसतं "अहो" राहिलं.

आता मराठी माणसाला आणखी काय सांगायचं?

मग एक दिवस आई भांडी लावता लावता म्हणाली, "अगं, ते सहा महिन्यांचं वाढवून मिळतं का?"

सुरुवातीच्या महिन्यात हीच बाई मला परत पाठव म्हणून मागे लागली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

आणि त्याच आठवड्यात समीरचा फोन.

"हे, आय डोन्ट वॉन्ट टू मेक धिस वियर्ड. बट युवर मॉम... व्हॉट डझ शी वॉन्ट फ्रॉम माय डॅड?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या आईवर संशय? तो घ्यायचा तर मी घेईन. बाकी कुणी घ्यायचा नाही.

पुढच्या कॉन्सर्टला तोही हजर. एका टोकाला तो, एका टोकाला मी, मधे हे दोघं. समोर एक मुलगी सुंदर फिडल वाजवत होती आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पालकांकडे बघत होतो.

काकांनी त्याच्यासाठीही रुमाल टाकला होता. लांबच.

आई थंडीत परत गेली, आणि या मे महिन्यात स्वतःच तिकीट काढून आली. मला फक्त फ्लाइट नंबर कळवला.

काल फ्युनरल होमला गेलो. सगळे समीरला भेटत होते. आई मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. एका काकूंनी तिला विचारलं, "तुमची ओळख होती का हो?"

"हो. कॉन्सर्टला भेटायचे," आई म्हणाली.

परत येताना हायवेवर मी सरळच विचारलं.

"आई, काकांनी तुला काही विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"कधी?"

"मागच्या शुक्रवारी. तो बँड ब्रेक घेतो ना, तेव्हा."

"मग?"

"हो म्हटलं मी."

मी एक्झिट चुकवला.

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुम्हा दोघांना कसं सांगायचं तेवढंच ठरत नव्हतं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी मुलांना जेवायला बोलवू, पोटभर खाऊ घालू, मग सांगू."

रात्री मी समीरला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कॅन आय कम ओव्हर?"

आला. बूट काढले आणि आईच्या शेजारी सोफ्यावर बसला. तिला मराठीत काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं, तिला इंग्लिशमध्ये येत नव्हतं. तिने त्याला वरणभात वाढला. तो जेवला आणि मग खूप रडला. तेव्हा आईही रडली. तोवर ती रडली नव्हती.

काका, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार. तुम्ही माझ्या आईला फार आनंदात ठेवलंत.

ग्रुपवर सगळे लिहितायत, "कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत." म्हणून आईला विचारून हे लिहिते आहे. समीरला भेटून झालं की आमच्याकडेही या.

आई घरीच आहे.