मामीच्या कोंबड्या आणि चिखलीच्या कोंबड्या

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे माझा प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय, हे मला घरी नीट सांगता यायचं नाही. चाकणच्या आसपास घरोघरी पाळलेल्या कोंबड्यांच्या घशातून कापसाच्या काडीने नमुने घ्यायचे आणि मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, विषाणू सापडला, तर त्याची जनुकं ठिकठिकाणी किती बदलली आहेत ते पाहायचं. "कोंबड्यांची थुंकी गोळा करती," असं मामी शेजारणींना सांगायची.

मामी चाकणजवळ, कंपन्यांच्या मागच्या वस्तीत राहते. तिच्या कोंबड्या माना वाकड्या करून बसायला लागल्या, तेव्हा तिने मला बोलावलं. मी नमुने घेतले. खुराडं मात्र अर्धं रिकामं दिसलं.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"चांगल्या हायत त्या. चिखलीला बहिणीकडं धाडल्या. हितं मरू द्यायच्या व्हय?"

आमच्याकडे सगळेच असं करतात. रोग दिसला की धडधाकट कोंबड्या नातेवाइकांकडे. वरून चांगल्या दिसल्या तरी त्या रोग नेतात, असं मी चाचरत म्हणाले.

"तू शिकलीस म्हून चांगल्या कोंबडीला आजारी पाडू नगं," मामी हसली. बहिणीला फोन करून सांगते म्हणाली, पण केला नसावा.

थोड्याच दिवसांत चिखलीच्या कोंबड्याही मरू लागल्या. मामीच्या बहिणीने शेजारच्या चिकनवाल्यावर आळ घेतला. त्याने टाकलेल्या पिसांमुळेच झालं म्हणून रोज भांडण. मी तिथलेही नमुने आणले. निकाल आला तेव्हा प्रोजेक्टचे सर खूश झाले. दोन्हीकडचा विषाणू हुबेहूब एकच होता, बाकीच्या गावांपेक्षा वेगळा. माझ्याकडून नमुन्यांची अदलाबदल झालेली असू दे, असं मला मनापासून वाटत होतं. पुन्हा तपासलं. तेच आलं.

मामीकडे गेले, पण विषय काढायची हिंमत होईना. शेवटी तिनेच विचारलं, "तिच्याकडं रोग कुठनं आला, कळतं का तुमच्या मशिनीत?"

"कुठून कुठे गेला ते नाही कळत. पण दोन्हीकडचा एकच आहे."

मामी म्हणाली, "त्या चिकनवाल्याला उगाच शिव्या खाव्या लागत्यात."

तिने फोन उचलला. "तू हितंच बस," मला म्हणाली आणि बहिणीला फोन लावला.