सदर्न रॉक वाजवणाऱ्या बाई

आमच्या लेस्टरच्या हॉस्पिटलातल्या एक फिजिओथेरपिस्ट बाई शनिवारी पबमध्ये सदर्न रॉक, म्हणजे दक्षिण अमेरिकी राज्यांतलं रॉक संगीत, गिटारवर वाजवतात. बोलता बोलता "हो की नाही?" जोडायची त्यांना सवय आहे. "आमचा सिंगर चर्चच्या कॉयरमधला, ड्रमर खाणकामगारांच्या ब्रास बँडमधला. अमेरिका कुणीच पाहिलेली नाही. पण वाजतं छान, हो की नाही?"

गेल्या महिन्यात स्ट्रोकनंतर तो ड्रमर पहिल्यांदाच स्टेजवर बसला. दुसऱ्याच गाण्यात त्याचा डावा हात अडखळला, ताल सुटला आणि सगळे थांबले. शरमून तो उठू लागला. बाईंनी गिटार खाली ठेवली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून संथ तालात टाळ्या सुरू केल्या. सिंगरने त्यावर खालचा सूर धरला. बघता बघता सगळा पब टाळ्या वाजवू लागला. मग मागून ड्रमवर एक ठोका पडला, पाठोपाठ दुसरा, आणि गाणं पुन्हा उभं राहिलं.

नंतर मी विचारलं, "अहो, तुम्ही त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाहीत?"

"आईच्या भजनी मंडळात वाढले मी," त्या म्हणाल्या. "कुणाचा ताल चुकला की त्याच्याकडे बघायचं नाही, आपली टाळी मोठी करायची."